रंध्याने काढलेला धूर

माणसं धूर विकत घेतात हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा बायको घरी नव्हती, नाहीतर पोट धरून हसली असती आणि मग शिव्या घातल्या असत्या. कारण धुरापायी तिने शारजात एकवीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेने. दुबईतल्या अल कुसैसच्या एका वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं लाकूड कापतोय. हॉटेलांची काउंटरं, दुकानांची शेल्फं, प्रदर्शनांचे स्टॉल. स्टॉल म्हणजे काय, तर तीन दिवसांसाठी घर बांधायचं आणि चौथ्या दिवशी तेच घर हातोड्याने फोडून कचऱ्यात टाकायचं. या गावात सगळं तसंच चालतं. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. हार्ट. तीन दिवस हॉस्पिटलात होती, चौथ्या दिवशी खलास. लोक भेटायला आले आणि म्हणाले, सुटली हो. कशातून सुटली ते एकानेही सांगितलं नाही. माझ्यातून, असं म्हणायचं असेल.

आमची जागा शारजातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. एक खोली, एक हॉल आणि दोन माणसं उभी राहिली की भरणारं स्वयंपाकघर. बायको मालवणाकडची. कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट आचेवर काळी होईस्तोवर भाजल्याशिवाय तिचं वाटप होत नसे. सुका बांगडा तव्यावर टाकला तर त्याचा अपमान होतो असं तिचं मत. तो जाळीवर, विस्तवावर. विस्तव नाही तर गॅसवर. त्याची चरबी आचेत ठिबकायची, चर्र व्हायचं आणि धूर थेट वर.

एक्झॉस्ट फॅन होता. पण तो धूर बाहेर टाकायचा तो नेमका वरच्या मजल्यावरच्या मॅडमच्या बाल्कनीत. तिथे त्यांचे कपडे वाळत. मॅडम नातूरला फोन करायच्या, नातूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, आणि तो बिचारा पठाण दारात येऊन उभा राहायचा. "भाभीजी, ऊपर की मॅडम बोलती है, बहोत बास मारता है." बायको त्याच्या हातावर भाजलेला तुकडा ठेवायची. तो तिथेच खायचा आणि वर जाऊन सांगायचा, बोल दिया.

तर या भाजण्यापायी शेगडीच्या वर छताला डाग पडला होता. परातीएवढा. मध्ये काळाकुट्ट, कडेला तपकिरी. मी दर वर्षी म्हणायचो, रंग मारून टाकतो. ती म्हणायची, "रवांदे. घरात जेवान शिजता ह्या तरी कळता. तुमच्या त्या हॉटेलांसारख्या नको, सगळा पांढरा आणि पोटात काय नाय."

ती गेल्यावर साड्या मुलीने नेल्या, त्यातल्या काही वाटल्या. मी अडवलं नाही. साडीला साबणाचा वास येतो. बायकोचा वास उरला तो त्या छताला. मी बढाई मारत नाही. रात्रभर दार लावून ठेवलं आणि सकाळी उघडलं की जळका कांदा, खोबरं, बांगडा, सगळं एकदम नाकात यायचं. तिथेच स्टूल टाकून मी चहा प्यायचो. चहा वाईट व्हायचा. वास चांगला असायचा.

मुलगी आमची दुबईत एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. शारजातच वाढलेली. तिने महिनाभर आधीपासून लावलं होतं, "बाबा, वर्षश्राद्धाला माणसं येणार. किचन पेंट करून घेऊ."

"बाकीचं कर. छत राहू दे."

"छतच तर सगळ्यात घाण आहे."

"घाण नाही ती."

"मग काय आहे?"

मला सांगता आलं नाही. सुताराला विचारलं हे लाकूड कुठलं, तर तो सांगेल. वास कशाला ठेवायचा हे विचारलं तर तो काय सांगणार. मी म्हटलं, "नको म्हणजे नको."

ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे ठरलं. हे ती आईकडून शिकली.

त्याच महिन्यात वर्कशॉपला ते काम आलं. एका हॉटेलात दारूचा बार करायचा होता, आणि तो दिसायला पाहिजे स्कॉटलंडकडच्या कुठल्याशा बेटावरच्या जुन्या भट्टीसारखा. भट्टी म्हणजे दारूचीच, पण आपल्याकडची पोलीस येताच पळायची भट्टी नव्हे. दोनशे वर्षांची, पांढऱ्या भिंतींची, समुद्राला लागून. डिझायनर पोरगा फोटो घेऊन आला. काळे कपडे, केसांची शेंडी. आम्हा सुतारांना गोळा करून हिंदीत समजावू लागला, आणि फोरमनला तर देवळात प्रवचन चालू आहे असंच वाटत होतं. फोरमन केरळचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला चाचा म्हणतो.

डिझायनर म्हणाला, तिथले लोक जव भिजवतात, त्याला मोड आणतात. मी मनात म्हटलं, मग उसळ करा. पण नाही. मोड आलेले जव वाळवतात, आणि वाळवताना खाली माती पेटवतात. बेटावर झाडं नाहीत, म्हणून दलदलीतली कुजलेल्या गवताची माती कापून, सुकवून, तिची ढेकळं जाळतात. तिचा धूर जवात शिरतो. मग दारू करतात, आणि ती दारू लाकडी पिंपात सोळा वर्षं भरून ठेवतात. दरवर्षी थोडी हवेत उडून जाते. ती म्हणे देवदूत पितात.

मी म्हटलं, "हमारा थिनर उडता है तो फोरमन हमको चोर बोलता है."

सगळे हसले. फोरमनही. डिझायनर हसला नाही. तो म्हणाला, "चाचा, एक छोटा पेग दो सौ दिरहम का है." म्हणजे साडेचार-पावणेपाच हजार रुपये. मातीच्या धुराचे. गावाकडे ज्या घरात चुलीचा धूर कोंडतो तिथल्या बायांचे डोळे जातात, त्यांना कोणी चार आणे दिले नाहीत.

पुढे ऐका. त्या बेटावरून वीस रिकामी पिंपं कंटेनरमधून आली. खरी, वापरलेली. ती भिंतीत आडवी बसवायची, तोंड गिऱ्हाइकाकडे, एका बाजूचं झाकण काढलेलं. आत दिवा. गिऱ्हाइकाने पेग घेण्याआधी पिंपात डोकं घालायचं आणि वास घ्यायचा. असं दाखवलं होतं चित्रात. सुटाबुटातला माणूस, कमरेत वाकून, डोकं पिंपात. आमच्या गावात म्हैस अशी घमेल्यात तोंड घालते, तिच्याकडून कोणी पैसे घेत नाही.

डिझायनर दुसऱ्या साइटवर गेला. फोरमन मला म्हणाला, झाकणं काढून ठेव, बाहेरून पॉलिश कर. मी पहिलं झाकण काढलं आणि आत हात घातला तर कोपरापर्यंत काळा. आतून सगळं पिंप कोळशासारखं जळलेलं. पापुद्रे निघत होते.

मला राग आला. एवढ्या लांबून माल मागवतात आणि जळका माल गळ्यात मारतात. साहेबांचं बेट असो नाहीतर कल्याणची वखार असो, व्यापारी सगळीकडे सारखाच. आणि मी चौतीस वर्षांत घाण लाकूड पुढे दिलेलं नाही. तोंडाला मास्क बांधला, गोल रंधा घेतला, खांद्यापर्यंत आत शिरलो आणि खरवडायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. मनानेच. बोटभरही जाड नव्हता तो थर, पण चिवट. काळं गेलं की लाल, लाल गेलं की खालून लाकूड निघे, मधासारखं, घट्ट रेषांचं. ओक. असं लाकूड आता मिळत नाही. चार दिवसांत नऊ पिंपं केली. काळा भुसा पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत घातला. पाचव्या दिवशी वॉर्निश मारणार होतो, डबा उघडूनही ठेवला होता, तेवढ्यात डिझायनर आला.

त्याने पहिल्या पिंपात डोकं घातलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मला वाटलं काम आवडलं.

"चाचा," तो आतूनच म्हणाला, "ये क्या किया?"

"साफ किया."

तो बाहेर आला आणि प्लायवुडच्या थप्पीवर बसला. "इसके अंदर जो काला था..."

"गया. पूरा गया. हाथ फिराके देखो, बच्चे का गाल है."

"कहाँ गया?"

"कचरे में."

त्याने दोन्ही हात शेंडीला लावले. मग फोरमनशी इंग्रजीत बोलला, बराच वेळ. फोरमन माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, "चाचा, वही तो माल था. उसी में सोला साल दारू थी. उसी का बास है. लोग वही सूँघने को आएगा."

मी म्हटलं, "धुआँ सूँघना है तो मेरे किचन में आओ. फुकट."

कोणी हसलं नाही. फोरमन हळूच म्हणाला, चाचा, उमर हो गया आपका, घर बैठो. हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. मी हत्यारं पिशवीत भरली, पण गेलो नाही. दोन दिवस रोज येऊन कोपऱ्यात बसत होतो. घरी तरी काय होतं. छत होतं. ते सकाळी बघून आलेलो असायचो.

तिसऱ्या दिवशी बेटावरचा माणूस आला. तो तसाही येणारच होता, भट्टीवाल्यांनी काम बघायला पाठवलेला. मला वाटलं कोणी टायवाला असेल. निघाला पिंपं बनवणारा म्हातारा. माझ्याच वयाचा, भाजलेल्या बीटासारखं तोंड. सुतार सुताराचे हात आधी बघतो. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. माझ्या उजव्या करंगळीचं नाही. त्याने ते पाहिलं आणि भुवई वर केली.

त्याने पिंपात डोकं घातलं, तळवा फिरवला, नख मारून बघितलं. मग बाहेर येऊन खो खो हसला. बोलायला लागला ते इंग्रजी होतं म्हणे. फोरमनला एक अक्षर कळेना, डिझायनरला निम्मं. डिझायनरने फोरमनला सांगितलं, फोरमनने मला.

"ये बोलता है, इनके यहाँ पुराना पिंप मर जाता है तो यही करते हैं. अंदर का थर निकालते हैं."

"फिर?"

"फिर से जलाते हैं. बोलता है आपने आधा काम किया. अच्छा किया."

मी डिझायनरकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. दोन दिवस मला वेडा ठरवलं आणि आता मोबाइल.

मग आम्ही दोघांनी मागच्या अंगणात जाळलं. भाषा लागलीच नाही. पत्र्याच्या डब्यात ओकचे तुकडे पेटवायचे, त्यावर दोन्ही झाकणं काढलेलं पिंप उभं करायचं. आग आतून वर ओढ घेते, धुराड्यासारखी. म्हातारा बोटांवर मोजायचा, लाकडाचा आवाज ऐकायचा. तडतड वाढली की हात वर करायचा, आणि मी बादली घेऊन पाणी. फोरमन फाटकाशी उभा राहून सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे आगीच्या बंबाची, गाडी येते का बघत होता. "यल्ला चाचा, यल्ला, जल्दी." दुपारपर्यंत नऊही झाली. हात घातला, कोपरापर्यंत काळा.

पण वास नव्हता. म्हणजे जळक्या लाकडाचा होता, तो कुठल्याही होळीला येतो. म्हाताऱ्याने खांदे उडवले. दहा बोटं दाखवली, मग सहा. सोळा वर्षं. मग खिशातून एक छोटी बाटली काढली आणि कागदी चहाच्या कपात थोडी ओतली. मी कधीमधी पिणारा माणूस आहे, सोवळा नाही. घोट घेतला आणि थुंकणार होतो. हॉस्पिटलातलं आयोडीन, होडीचा भिजलेला दोर, राख. याचे पावणेपाच हजार. लोक आजारी आहेत.

मग कप नाकाशी धरला तो तसाच धरून राहिलो.

"क्या हुआ चाचा?"

"सुका बांगडा," मी म्हटलं. "गैस पे."

फोरमनने कप घेऊन हुंगला. "उणक्कमीन," तो म्हणाला. त्यांच्याकडे सुक्या मासळीला तेच म्हणतात. "हाँ चाचा. सच में. मेरी अम्मा का चूल्हा."

म्हाताऱ्याला विचारलं तर त्याने होकाराची मान डोलावली. त्याची आई त्याच मातीच्या ढेकळांवर माशांना धुरी द्यायची म्हणे. मला एकदम त्याचा राग आला. याच्या आईचा धूर बाटलीत भरून जगभर जातो आणि माझ्या बायकोच्या धुराला नातूर पाठवतात.

बाटली तो मला देत होता. मी नको म्हटलं. शारजात दारू नेता येत नाही, आणि या वयात बाटलीसाठी पोलिसांत जायचं म्हणजे बायकोने वरून काय काय ऐकवलं असतं. त्याने उरलेल्या अकरांपैकी एका जुन्या झाकणाचा तुकडा दिला, हातभर, न खरवडलेला. तो पिशवीत घालून मी बसने निघालो. शेजारचा माणूस दोनदा हुंगून उठून मागे गेला.

ट्राफिक नेहमीसारखं. दोन तास. त्या दोन तासांत मी मुलीला सांगायची वाक्यं जुळवली. तिला म्हणणार होतो, हे बघ, ज्याला तू घाण म्हणतेस त्यात लोक डोकं घालायला रांग लावतात. हे लाकूड हुंग, मग बोल. आता मला सांगता येणार होतं.

दार उघडलं आणि रंगाचा वास आला.

मुलगी डोक्याला फडकं बांधून स्वयंपाकघरात उभी होती. सुट्टी काढून आली होती. पेंटर नुकताच शिडी घेऊन गेला होता. "बाबा, सरप्राइज. बघा ना, किती उजेड आला."

मी वर बघितलं. छत पांढरं. काम चांगलं केलं होतं, खोटं कशाला बोलू. आधी खरवडून, मग पुट्टी, मग दोन हात. कोपऱ्यातसुद्धा ब्रशची रेष नाही. मी डाग कुठे होता ते शोधत होतो आणि सुताराला अंदाज सापडेना.

तिने माझं तोंड बघितलं. "तुम्हाला खरंच नको होतं?"

माझ्या तोंडात जे आलं होतं ते बापाने मुलीला बोलायचं नसतं. पण तिचे हात पुट्टीने पांढरे होते. पेंटर ठेवूनही हिने स्वतः हात लावला होता. कोणी सांगितलं नव्हतं. मनानेच. माझ्या हातांना अजून कोळसा होता.

"अर्धं काम चांगलं झालंय," मी म्हटलं.

"अर्धं? काय राहिलं?"

मी पिशवी ठेवली आणि खाली केरळच्या ग्रोसरीत गेलो. दोन सुके बांगडे आणले. जाळी सिंकच्या खालच्या कपाटात होती, वर्षभर कोणी हात लावलेला नव्हता. गॅस पेटवला.

"बाबा, आत्ता पेंट केलंय. ओला आहे. आणि आठ दिवसांवर श्राद्ध..."

"तिला काय आवडायचं, तुझी पांढरी भिंत की बांगडा?"

मी बांगडा जाळीवर ठेवला. मला ते कधी जमलं नव्हतं, एक बाजू लगेच करपली. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग जाळी माझ्या हातातून घेतली. "एवढं खाली नाही धरायचं. आई इथे धरायची." आचेपासून चार बोटं वर. शेपटी बाहेरच्या बाजूला. चरबी ठिबकली, चर्र झालं, धूर वर गेला.

"हे कधी शिकलीस?"

"मला कोणी शिकवलं? रोज बघत नव्हते का? शाळेच्या युनिफॉर्मला हाच वास यायचा. मुली मला फिश मार्केट म्हणायच्या."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणून तिला ते छत नको होतं की काय, कोण जाणे. मी पिशवीतला तुकडा काढून तिच्या नाकाशी धरला. तिने हुंगला, बांगड्याकडे बघितलं, परत हुंगला. "हे काय आहे?"

"दारूचं पिंप."

"शारजात?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मला जेलमध्ये घालणार."

दुसरा बांगडा अर्धा झाला होता तेव्हा बेल वाजली. दारात नातूर. जुनाच पठाण, दाढी आता सगळी पांढरी. वर्षभरात तो एकदाही आमच्या दारी आला नव्हता. कारणच नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आत धुराकडे बघितलं.

मग म्हणाला, "चाचा. ऊपर की मॅडम बोलती है, बास आता है."

मी भाजलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "मॅडम को बोलो," मी म्हटलं, "अभी तो शुरू किया है. सोला साल लगेगा."

तो तिथेच खात उभा राहिला. खाऊन झाल्यावर म्हणाला, "बोल देता हूँ," आणि जिन्याने वर गेला.